रामटेकचे खासदार राहिलेले नरसिंह राव पंतप्रधान म्हणून किती महत्त्वाचे होते?

तुमचा प्रश्न असा: राव नागपुरात कायदा शिकले, १९८४ आणि १९८९ला रामटेकमधून लोकसभेवर गेले, पण पंतप्रधान म्हणून त्यांची पाच वर्षं खरंच महत्त्वाची होती, की परिस्थितीनंच सगळं करून घेतलं?

महत्त्वाची होती, आणि फार. पण सहसा जे कारण सांगतात, त्यासाठी नाही.

कोणाचंही मोजमाप करताना आधी शपथविधीच्या आदल्या दिवशीची वही उघडा. इथे ती तारीख २० जून १९९१. परकीय चलनाची गंगाजळी जेमतेम दोन-तीन आठवड्यांच्या आयातीपुरती. मे महिन्यात, चंद्रशेखर सरकार असताना, २० टन सोनं परदेशात विकून झालेलं. राव आल्यावर जुलैत आणखी सुमारे ४७ टन सोनं बँक ऑफ इंग्लंड आणि बँक ऑफ जपानकडे तारण गेलं, त्यावर सुमारे ४० कोटी डॉलर मिळाले. (आपल्या नागपूरच्या संविधान चौकातल्या रिझर्व्ह बँकेतही देशाचं सोनं असतं, पण हे मुंबईहून गेलं.) १ आणि ३ जुलैला रुपयाचं अवमूल्यन झालं, आंतरराष्ट्रीय नाणेनिधीकडून कर्ज घेतलं गेलं. त्या खुर्चीत दुसरं कोणीही असतं तरी यातलं बहुतेक करावंच लागलं असतं. म्हणून 'देश दिवाळखोरीतून वाचवला' या वाक्याला मी कमी गुण देतो.

खरी परीक्षा २४ जुलैची. मनमोहन सिंगांचं अंदाजपत्रक सगळ्यांना आठवतं. त्याच दिवशी, त्याआधी काही तास, उद्योग राज्यमंत्री पी. जे. कुरियन यांनी नवं औद्योगिक धोरण सभागृहात ठेवलं. उद्योग खातं रावांनी स्वतःकडे ठेवलं होतं, हे लक्षात घ्या. कारखान्यांना लागणारे सरकारी परवाने कमी करायची टिपणं १९९०पासूनच दिल्लीत फिरत होती. कल्पना त्यांची नव्हती. अल्पमतातलं सरकार घेऊन, आपल्याच काँग्रेस पक्षानं उभी केलेली परवाना पद्धत मोडायचा निर्णय मात्र त्यांचा.

त्या धोरणाची परिशिष्टं एकदा नीट वाचाच. परवाना १८ उद्योगांना चालूच राहिला आणि त्यांत साखर, कागद, मोटारगाड्या, फ्रिजसारख्या घरगुती वस्तू होत्या. सार्वजनिक क्षेत्रासाठी राखीव उद्योग १७वरून ८वर आले. मोटारगाड्या आणि फ्रिजवरचा परवाना १९९३मध्ये उठला. लघुउद्योगांसाठी राखीव वस्तूंची आठशेवर नावांची यादी तशीच राहिली. कामगार कायद्यांना तर हातच लावला नाही. '९१ला सगळं खुलं झालं' असं लिहिणारा इथेच चुकतो. रावांची पद्धत एकेक खिळा काढायची होती, आणि जे टिकलं ते त्यामुळेच टिकलं असं माझं मत आहे. १९९६ला काँग्रेस १४० जागांवर आली, पुढे देवेगौडा, गुजराल, वाजपेयी आले. परवाना राज परत आणायला कोणीच धजलं नाही. विरोधकांनी सत्तेत येऊन काय उलटवलं नाही, याइतकी भक्कम कसोटी मला दुसरी माहीत नाही.

आकडे बघताना एक चूक फार होते: निर्णयाचं वर्ष आणि परिणामाचं वर्ष एकच धरलं जातं. १९९१-९२चा वाढीचा दर दीड टक्क्याच्याही आत आहे, तो वारशाचा. १९९४नंतरची वर्षं बघा. उलट, ७३वी आणि ७४वी घटनादुरुस्ती त्यांच्या काळात मंजूर झाली, म्हणजे पंचायती आणि नगरपालिकांना घटनेत स्थान देणाऱ्या दुरुस्त्या, पण त्यांचं मूळ राजीव गांधींच्या १९८९ला राज्यसभेत पडलेल्या विधेयकांत आहे. श्रेय वाटूनच द्यावं लागतं.

आता ६ डिसेंबर १९९२, अयोध्येतली बाबरी मशीद पाडली गेली तो दिवस. यालाही तीच कसोटी लावा: हाताशी काय अधिकार होते? उत्तर प्रदेशातल्या कल्याणसिंह सरकारनं मशिदीच्या रक्षणाची हमी सर्वोच्च न्यायालयात दिली होती, रावांनी तिच्यावर भिस्त ठेवली. पण ज्या ३५६व्या कलमाखाली त्या संध्याकाळी उत्तर प्रदेशात आणि १५ तारखेला आणखी तीन राज्यांत राष्ट्रपती राजवट लावली, ते कलम ५ डिसेंबरलाही होतंच. कायद्याच्या अडचणी होत्या, तरी मला हे अपयश त्यांचंच वाटतं. आर्थिक कामाच्या बेरजेतून ते वजा करू नका. दोन वेगळी खाती आहेत, दोन्ही उघडी राहू द्या.

राहिला आपल्याकडे हटकून निघणारा प्रश्न, 'विदर्भासाठी काय केलं?' पंतप्रधान असताना ते आंध्रातल्या नंद्यालचे खासदार होते. आणि त्या काळात काटोलच्या शेतकऱ्याला राज्याबाहेर कापूस विकायची मुभा नव्हती, ती दिल्लीमुळे नव्हे. कापूस फक्त सरकारलाच विकायला लावणारी एकाधिकार खरेदी योजना महाराष्ट्र सरकारची होती. कारखान्याचा परवाना गेला तरी कापसाच्या गाडीवरचं बंधन तसंच राहिलं, आणि त्याचा जाब मुंबईलाच विचारायला हवा.