पेपर पाठवण्याआधी

ऐरोलीच्या खाडीतल्या गोगलगायींवरचा तुझा मसुदा वाचला. काम चांगलं आहे, पण इतक्यात पाठवू नकोस. आधी जर्नल ठरव आणि त्यांच्या लेखकांसाठीच्या सूचनांची प्रिंट काढून शेजारी ठेव. शब्दमर्यादा, संदर्भांची पद्धत, आकृत्यांचं रिझोल्यूशन, सगळं तिथे असतं. ते पाळलं नाही तर पेपर समीक्षकांपर्यंत न जाताच परत येऊ शकतो.

खरी अडचण 'पद्धती'त आहे. नमुने कोणत्या महिन्यात, भरतीनंतर किती वेळाने, केवढ्या क्वाड्रॅटमध्ये (नमुने मोजायच्या चौकटीत) घेतले? पावसाळ्यात खाडीची क्षारता उतरते, त्यामुळे जुलैचे आकडे मार्चच्या पंक्तीला तसेच बसवता येणार नाहीत. जागा फ्लेमिंगो अभयारण्यात येत असेल तर वनविभागाच्या परवानगीचा क्रमांक हवाच. अभयारण्य 2015 चं, रामसर दर्जा (महत्त्वाच्या पाणथळ जागांना मिळणारी आंतरराष्ट्रीय मान्यता) 2022 चा. प्रस्तावनेत हे दोन ओळींत उरक, पुराण नको.

सारांश सगळ्यात शेवटी लिही. लेखकांचा क्रम सरांशी आत्ताच बोलून घे, नंतर फार अवघड होतं. एका वेळी एकच जर्नल, हा नियम. यूजीसीने (विद्यापीठ अनुदान आयोगाने) मान्य जर्नल्सची केअर यादी 2025 मध्ये बंद केली, तेव्हा पारख आता आपणच करायची. 'आठवड्यात स्वीकृती, फी लगेच भरा' असा मेल आला की सरळ डिलीट.

आणि हो, नकाशावर उत्तर दिशा नि स्केल राहिलंय. तेवढं टाकून मला परत पाठव.