बाबांचे १४८, मुलाचे १३१

*ताई, माझ्या ८ वर्षांच्या मुलाची शाळेच्या सांगण्यावरून बुद्ध्यांक चाचणी केली. १३१ आला. समुपदेशक म्हणाल्या, उत्तम आहे. पण ह्यांची लहानपणी 'कामत टेस्ट' झाली होती, त्यात १४८ आले होते. तो कागद सासऱ्यांनी अजून जपून ठेवलाय. आता घरात रोज 'बापापेक्षा सतराने कमी' ऐकू येतं. हे म्हणतात, कोड्यांचा क्लास लावू आणि वर्षाअखेर परत टेस्ट करू. मुलगा आधी तासन्‌तास रेल्वेची वेळापत्रकं बनवायचा, आता 'चुकलं तर?' म्हणून वही उघडत नाही. काय करू? – एक आई, नाशिक*

तुमचा मुलगा कुठेही मागे पडलेला नाही. ही वजाबाकीच चुकीची आहे.

तुमच्या यजमानांची चाचणी व्ही. व्ही. कामत यांनी फ्रान्सच्या आल्फ्रेड बिने यांच्या चाचणीवरून मराठी आणि कानडी मुलांसाठी बेतली होती. त्यांचं त्यावरचं पुस्तक १९४० चं. तिचं गणित जुन्या पद्धतीचं: मानसिक वय भागिले खरं वय, गुणिले शंभर. ८ वर्षांच्या मुलाने ११ वर्षं १० महिन्यांच्या मुलाइतकं करून दाखवलं, की झाले १४८. आजच्या बहुतेक चाचण्या असा भागाकार करतच नाहीत. त्या मुलाला त्याच्याच वयाच्या मुलांच्या रांगेत उभं करतात. सरासरी १००, आणि १३० च्या पुढे शंभरात जेमतेम दोन मुलं. तुमचा लेक त्या दोघांतला आहे. १४८ मधून १३१ वजा करणं म्हणजे पंचाहत्तर पैशांचे बारा आणे झाले म्हणून कपाळाला हात लावणं. शिवाय चाचणीची प्रमाणं जुनी होत गेली की पुढच्या पिढीतल्या मुलांना तिच्यावर जास्त गुण मिळतात, हे अनेक देशांत दिसलंय. यजमानांनी शाळेत असताना दिलेली चाचणी त्यांच्या जन्माच्या कितीतरी आधी बेतलेली होती. सासरेबुवांना हे सांगायचं की नाही, ते तुम्ही ठरवा. मी असते तर सांगितलं असतं, पण कागद मात्र त्यांच्याकडेच राहू दिला असता.

बिने यांना तर असा आकडा नकोच होता. १९०५ मध्ये सिमाँ यांच्यासोबत त्यांनी पहिली चाचणी केली, ती पॅरिसच्या शाळांत कोणत्या मुलाला वेगळी मदत हवी हे ओळखण्यासाठी. बुद्धी ही जन्मभर न हलणारी वस्तू आहे, असं म्हणणाऱ्यांवर ते चिडायचे. १९११ मध्ये ते गेले. त्यानंतरच्या वर्षी जर्मनीत विल्यम स्टर्न यांनी भागाकार सुचवला, आणि १९१६ मध्ये अमेरिकेत लुईस टर्मन यांनी शंभराने गुणून तो रूढ केला. मदतीसाठी काढलेली गोष्ट क्रमवारीची झाली ती अशी.

ह्याच टर्मननी १९२१ पासून कॅलिफोर्नियातली सुमारे दीड हजार हुशार मुलं निवडली आणि त्यांचा आयुष्यभर मागोवा घेतला. बहुतेकांचं बरं चाललं: शिकली, चांगल्या नोकऱ्या लागल्या. त्यांच्यातल्या एकालाही नोबेल मिळालं नाही. पण चाचणी देऊन निवडीतून गळालेल्या मुलांत विल्यम शॉकली आणि लुईस अल्वारेझ होते, आणि पुढे दोघांनाही भौतिकशास्त्राचं नोबेल मिळालं, १९५६ आणि १९६८ मध्ये. (शॉकलींनी उतारवयात वंश आणि बुद्धीबद्दल जी भयंकर मतं मांडली, ती वाचली की नोबेलचाही फार धाक वाटत नाही.) यजमान आकड्यांत रमणारे दिसतात, त्यांना हा किस्सा जेवताना सांगून बघा.

कोड्यांच्या क्लासला मात्र स्पष्ट नाही म्हणा. ही चाचणी मुलासमोर कोडं पहिल्यांदाच येतंय असं धरून बेतलेली असते. घोकून दिली तर कळेल ते इतकंच, की क्लास चांगला होता. आणि पुन्हा करून १२७ आले तर? तेवढा फरक सहज पडतो. चांगल्या अहवालात म्हणूनच एका आकड्याबरोबर 'इतक्यापासून इतक्यापर्यंत' असा पट्टाही दिलेला असतो. तो तुमच्या अहवालात आहे का बघा.

समुपदेशकांना परत भेटा, यजमानांना घेऊनच. तुमच्या तोंडून जे 'आईचं लाडावणं' वाटतं, ते त्यांच्या तोंडून ऐकलं की पटेल. त्यांना विचारा: शब्द, आकृत्या, लक्षात ठेवणं, वेग यांपैकी कशात तो फार पुढे आहे आणि कशात वयाइतकाच? अशा मुलांत हे भाग खूपदा वर-खाली असतात, आणि वर्गात कंटाळा नेमका कुठे येतो ते तिथून समजतं. शाळेला खरं तर हेच हवं असणार.

मुलाशी बोलणं वडिलांनीच करायला हवं, कारण घाबरलाय तो त्यांना. 'माझी टेस्ट वेगळी होती, आपली तुलना होतच नाही, मी चुकीचं बोललो.' इतकी तीन वाक्यं पुरेत, भाषण नको. मग रविवारी दोघांनी नाशिक रोड स्टेशनवर जावं आणि कोणती गाडी किती उशिरा आली ते त्याने लिहावं. त्याच्या वहीतली चूक कोणी दुरुस्त करायला जाऊ नका, त्याने विचारलं तरच सांगा.