डीएनए दुप्पट, तरी पेशी द्विगुणितच?

प्रश्न असा आहे : मुलीचा दहावीचा अभ्यास घेताना ‘विभाजनाआधी पेशीतला डीएनए दुप्पट होतो’ असं वाचलं. पण पेशी आधीही ‘द्विगुणित’ आणि नंतरही ‘द्विगुणित’च. मग ती चतुर्गुणित व्हायला नको का? की मराठी शब्दच चुकीचा घडवलाय?

शब्द चुकीचा नाही, आपले कान दुसरीकडे सवयीचे झालेत. जुना मित्र अवचित कार्याला आला की आनंद ‘द्विगुणित होतो’. त्यामुळे द्विगुणित म्हटलं की आधी होतं त्याच्या दुप्पट झालेलं, असंच आपण ऐकतो. जीवशास्त्रातल्या द्विगुणित पेशीत तसं काही झालेलं नसतं. गुणसूत्रांचे (डीएनएच्या गुंडाळ्यांचे) दोन संच आहेत, एक आईकडून आलेला, एक वडिलांकडून, इतकंच तो शब्द सांगतो. माणसात २३ चे दोन, एकूण ४६. १९०५ मध्ये जर्मन वनस्पतिशास्त्रज्ञ स्ट्रासबुर्गर यांनी ‘डिप्लॉइड’ हा शब्द योजला. त्याचं ग्रीक मूळही ‘दुहेरी’ या अर्थाचंच आहे, तेव्हा आपल्याकडच्या शब्दकारांनी इमानदारीच दाखवली. फक्त ग्रीक कुणाच्या कानाला लागत नाही, संस्कृत लागतं.

आता वजन बघा. माणसाच्या नुकत्याच विभाजनातून निघालेल्या पेशीत साधारण साडेसहा पिकोग्रॅम डीएनए असतो (एक पिकोग्रॅम म्हणजे ग्रॅमचा लाख-कोटीवा भाग). जी-१ टप्पाभर, म्हणजे नक्कल सुरू होईपर्यंत, तो तेवढाच राहतो. एस टप्प्यात, साधारण आठ तासांत, त्याची नक्कल होऊन तो तेराच्या आसपास जातो. नकलेनंतर विभाजनापर्यंतच्या जी-२ टप्प्यात तेराच, आणि पेशी दुभंगली की दोघींच्या वाट्याला पुन्हा साडेसहा. पण गुणसूत्रं एस टप्प्यानंतरही ४६च भरतात, कारण दोन्ही प्रती गुणसूत्रबिंदूपाशी एकमेकींना धरून असतात आणि मोजणी बिंदूंची होते. पश्चावस्थेत, म्हणजे प्रती दोन टोकांकडे ओढल्या जाण्याच्या टप्प्यात, त्या सुटतात तेव्हा मात्र पेशीत घटकाभर ९२ गुणसूत्रं असतात.

म्हणून शास्त्रात अक्षरंही दोन आहेत. संचांसाठी एन, डीएनएच्या प्रमाणासाठी सी (१ सी म्हणजे एका संचातला, नक्कल न झालेला डीएनए). हा सी अमेरिकी पेशीशास्त्रज्ञ ह्यूसन स्विफ्ट यांनी १९५० मध्ये वापरात आणला. जी-२ मधली पेशी २ एन, पण ४ सी. बीजपेशी तयार होताना पहिल्या विभाजनानंतर तर १ एन आणि २ सी अशी जोडी दिसते. तुमच्या मुलीचा गोंधळ म्हणजे एनचा शब्द सीला लावणं.

मला विचाराल तर सीसाठी ‘दुप्पट’ आणि एनसाठी ‘द्विगुणित’ ही पुस्तकातली वाटणी चांगली आहे, ती फक्त उघडपणे सांगत नाहीत. त्यात आणखी एक शब्द हवा होता : नक्कल झालेल्या गुणसूत्राला ‘दुपदरी’ म्हणावं. दुपदरी मंगळसूत्रात सर दोन असतात, पण मंगळसूत्र एकच! डीएनएचा रेणू स्वतःच दोन साखळ्यांचा असतो हे खरं, पण त्याला ‘दुपेडी’ म्हणता येईल. पीळ पडलेल्या गोष्टीला पेडच शोभतात. त्याऐवजी पुस्तकात प्रत्येक पदराला ‘अर्धगुणसूत्र’ म्हटलंय, आणि त्याच धड्यात बीजपेशी घडवणारं ‘अर्धगुणसूत्री विभाजन’ही येतं. पहिल्यात गुणसूत्र अर्धं, दुसऱ्यात गुणसूत्रांची संख्या अर्धी. इथे मात्र शब्दकारांना माफी नाही.

आणि चतुर्गुणित पेशी बघायचीच असेल तर मुलीला खपली गहू दाखवा. त्यात सातचे चार संच, २८ गुणसूत्रं असतात, आणि ती जी-१ मध्येही २८च. रोजच्या पोळीचा गहू त्याहून पुढचा, षट्गुणित, ४२ चा.