डेंटल थेरपिस्ट व्हायचंय कुणाला?

(सांगली जिल्ह्यातून एका वडिलांचं पत्र आलं आहे. मुलगी बीडीएसच्या इंटर्नशिपला आहे. मिनियापोलिसला असलेला पुतण्या म्हणतो, तिथे डेंटिस्टच्या खालोखाल ‘डेंटल थेरपिस्ट’चं लायसन्स असतं, बीडीएसवाल्यांना ते सहज मिळेल, आणि राज्य सरकारचा पैसा वाचत असल्यामुळे मागणी वाढतच जाणार. वडील स्थळंही तिकडचीच बघत आहेत. मुलगी मात्र शनिवारी साखर कारखान्याच्या तळावर ऊसतोड मजुरांच्या मुलांचे दात तपासायला जाते, ‘त्यात वेळ घालवते’. तिला कसं समजवावं, असा प्रश्न आहे.)

नमस्कार.

तुमचं पत्र दोनदा वाचलं. पुतण्या काय म्हणतो ते त्यात सविस्तर आहे, स्थळं कशी चालून येताहेत तेही आहे. मुलीबद्दल एकच वाक्य आहे आणि तेही तक्रारीचं. चोवीस वर्षांची, उद्या रुग्णाच्या तोंडात ड्रिल घालणारी मुलगी. तिला काय करायचंय हे तुम्ही विचारलंय की नाही, ते पत्रावरून कळत नाही. ‘समजवायचं कसं’ हा प्रश्न नंतरचा. आधी ऐकायचं कसं ते बघा.

आता पुतण्याच्या सल्ल्याबद्दल. मिनियापोलिस ज्या राज्यात आहे त्या मिनेसोटानं २००९ मध्ये डेंटल थेरपिस्टना लायसन्स देणारा कायदा केला, तसं करणारं अमेरिकेतलं ते पहिलं राज्य. पण लायसन्स मिळतं ते डेंटल थेरपीचाच मान्यताप्राप्त अभ्यासक्रम पूर्ण केलेल्याला. राष्ट्रीय मानकांप्रमाणे तो किमान तीन शैक्षणिक वर्षांचा असतो. बीडीएसचं सर्टिफिकेट दाखवून ते हाती पडत नाही. शिवाय लायसन्स राज्यापुरतं. मेन, व्हरमाँट, मिशिगन अशा काही राज्यांत असे कायदे झाले. आपली माणसं जिथे मोठ्या संख्येनं आहेत त्या कॅलिफोर्निया, टेक्सास, न्यू जर्सीत हे पदच नाही. उद्या जावयाची बदली टेक्सासमधल्या डॅलसला झाली तर ते लायसन्स तिथे कागदाचा तुकडा.

राज्याचा पैसा वाचतो हा समज मात्र नीट उलगडायला हवा, कारण तुमचं सगळं गणित त्यावर उभं आहे. गरिबांच्या उपचाराचा खर्च मेडिकेड योजनेतून होतो. तो राज्य आणि केंद्र मिळून उचलतात, केंद्राचा वाटा निम्मा किंवा त्याहून जास्त. मिनेसोटात दाढ डेंटिस्टनं भरली काय आणि थेरपिस्टनं भरली काय, मेडिकेड दर तोच देते. म्हणजे सरकारचा एका फिलिंगमागे छदामही वाचत नाही. वाचतो तो दवाखान्याचा: थेरपिस्टचा पगार डेंटिस्टपेक्षा कमी, त्यामुळे मेडिकेडच्या तुटपुंज्या दरातही खुर्ची तोट्यात जात नाही आणि दवाखाना हे रुग्ण घ्यायला तयार होतो. २०१४ मध्ये मिनेसोटाच्या विधिमंडळापुढे आलेल्या अहवालात थेरपिस्ट असलेल्या दवाखान्यांनी सहा हजारांहून अधिक नवे रुग्ण पाहिल्याची नोंद आहे. त्यांतले ८४ टक्के सरकारी योजनांतले. नवे रुग्ण म्हणजे नवी बिलं! पहिल्या काही वर्षांत सरकारचा दंतखर्च वाढूही शकतो. बचत असलीच तर ती दुसऱ्या खात्यात आणि उशिरा दिसते. गळू झालेली दाढ घेऊन माणूस रात्री इमर्जन्सीला जातो, तिथे अँटिबायोटिक आणि वेदनाशामक देऊन घरी पाठवतात, दाढ तशीच राहते, महिन्याभरात तो परत येतो. हे फेरे चुकले तर पैसा वाचेल. पण मोठ्यांचे दंतोपचार मेडिकेडमध्ये द्यायचे की नाही हे राज्यं ठरवतात, आणि तिजोरीत खडखडाट झाला की बहुतेकदा पहिली कात्री तिथेच लागते. असल्या हिशेबावर नोकरीची हमी बांधू नये. कायद्याला पंधरा वर्षं उलटून गेल्यावरही मिनेसोटातले थेरपिस्ट शेकड्यांतच मोजावे लागतात, हजारांत नाही.

कामाचंही बघा. थेरपिस्ट फिलिंग करते, दुधाच्या दाढेची पल्पोटॉमी (किडलेल्या नसेचा वरचा भाग काढणं) करून वर स्टीलची कॅप बसवते, दुधाचे दात काढते. पुढची पायरी म्हणजे ॲडव्हान्स्ड थेरपिस्ट. त्यासाठी मास्टर्स आणि दोन हजार तासांचा अनुभव लागतो. तिलाही कायमचे दात काढता येतात ते पार हललेलेच. रूट कॅनाल, अक्कलदाढ, ब्रिज तिच्या कक्षेबाहेर. सगळं काम डेंटिस्टशी केलेल्या लेखी कराराच्या चौकटीत. तुमची मुलगी आज इंटर्न म्हणून जे करते, त्यातल्या बऱ्याच गोष्टींसाठी तिला तिथे दुसऱ्याला हाक मारावी लागेल.

आणि एच-४ व्हिसावर, म्हणजे नवऱ्याच्या एच-१बी नोकरीच्या व्हिसामागून मिळणाऱ्या व्हिसावर, गेली तर शिकता येतं, नोकरी करता येत नाही. नवऱ्याचा आय-१४० (ग्रीन कार्डसाठी सहसा कंपनी करते तो अर्ज) मंजूर झाल्यावरच सहसा वर्क परमिटचा अर्ज करता येतो. स्थळ बघताना हे विचारता का? पत्रिकेइतकंच महत्त्वाचं आहे.

तिला स्वतःला अमेरिकेत डेंटिस्टच व्हायचं असेल तर आयएनबीडीई ही तिथली डेंटिस्टची परीक्षा, टोफेल ही इंग्रजीची, मग कॅपिड या अर्जाच्या पोर्टलमार्फत परदेशी डेंटिस्टसाठीचा दोन-तीन वर्षांचा ॲडव्हान्स्ड स्टँडिंग प्रोग्रॅम. वाट माहितीची आहे, खर्च लाख डॉलरच्या वर.

पण मला तिचा शनिवार जास्त महत्त्वाचा वाटतो. थेरपिस्ट या पदाची मुळंही तशाच कामात आहेत. न्यूझीलंडनं १९२१ मध्ये शाळकरी मुलांच्या दातांसाठी नर्सेस तयार करायला सुरुवात केली. २००३ च्या सुमारास अलास्कातल्या आदिवासी संस्थांनी आपलीच तरुण मुलं शिकायला तिकडे पाठवली, कारण बर्फातल्या वस्त्यांवर डेंटिस्ट टिकत नव्हते. तुमची मुलगी ज्या तळावर जाते तिथलं दुखणं वेगळं नाही. तिला यातच रस असेल तर एमडीएसला, म्हणजे बीडीएसनंतरच्या पदव्युत्तर शिक्षणात, पब्लिक हेल्थ डेंटिस्ट्री हा विषय आहे. नीट-एमडीएस या प्रवेश परीक्षेनंतर त्याच्यामागे झुंबड नसते, जागा मिळणं तुलनेनं सोपं. किंवा टाटा सामाजिक विज्ञान संस्थेसारख्या ठिकाणी एमपीएच, म्हणजे सार्वजनिक आरोग्यातली मास्टर्स. यात स्वतःच्या क्लिनिकइतका पैसा नाही, हे आत्ताच सांगून ठेवते. दातांचं कुठलं काम कुणी करावं आणि पैसे कुणी द्यावेत, हे ठरवणारी माणसं मात्र याच शिक्षणातून येतात. आपल्याकडे डेंटल हायजिनिस्टची, म्हणजे दात साफ करून देणाऱ्या, त्यांची निगा शिकवणाऱ्या मदतनिसाची, तरतूद १९४८ च्या डेंटिस्ट्स ॲक्टपासून आहे. सरकारी दवाखान्यात एखादी शोधून दाखवा.

इंटर्नशिप संपण्याआधी तिला नाशिकच्या आरोग्य विद्यापीठातून ट्रान्सक्रिप्ट काढून ठेवायला सांगा. इथे राहो की तिकडे जावो, ते लागेलच. आणि पुढचं पत्र तिला लिहू द्या. तळावरच्या मुलांच्या तोंडात तिला काय दिसलं, तेही त्यात येऊ द्या.