आधी त्याला पाणी पाज

सप्रेम नमस्कार मावशी,

माझा मुलगा अकरा वर्षांचा आहे. सेरेब्रल पाल्सी आहे, व्हीलचेअरवर असतो. बोलतो स्पष्ट, फक्त सावकाश. वजन ३१ किलो. धाकटी मुलगी आठ वर्षांची. थंडीत एखादा शनिवार-रविवार जोडून दोन रात्री कुठंतरी जायचं चाललंय. ह्यांच्या ऑफिसमधली तीन कुटुंबं पचमढीला निघालीत. हे म्हणतात आपणही जाऊ, चौघं मिळून त्याला उचलू. जाऊबाईंनी चिखलदरा सुचवलं. मुलीला पेंचला वाघ बघायचाय. मला मात्र धास्तीच वाटते. मागे रामटेकला गेलो तेव्हा संध्याकाळपर्यंत त्याचं अंग इतकं ताठ झालं की गाडीतून बाहेर काढता येईना, आणि तो रडत राहिला. सासूबाई म्हणतात, त्याला घरीच बरं वाटतं. तसा तो फार समजूतदार आहे, बाहेर जायचं म्हटलं की सकाळपासून पाणीसुद्धा मागत नाही. तर कुठं जाणं सोयीचं पडेल?

एक आई, मनीषनगर, नागपूर

अगं, पचमढी, चिखलदरा आणि पेंचबद्दल तू एवढं लिहिलंस आणि पाण्याचं एका ओळीत उरकलंस, तेही लेकराचं कौतुक म्हणून. मी त्या ओळीपाशीच अडकले. अकरा वर्षांच्या पोराला तहान दाबायची सवय लागली आहे. आपल्याला लघवी लागली की गाडी थांबते, आईची धावपळ होते, बाबांचा चेहरा बदलतो, आणि पेट्रोल पंपाच्या ओल्या फरशीवर दोघांनी आपल्याला धरून उभं करावं लागतं, हे त्याला कळून चुकलंय. त्याने त्याच्यापुरता उपाय काढला. तो तुला दिसला आणि सोयीचा वाटला. रागावून लिहिते आहे, कारण त्याची किंमत तो स्वतःच्या अंगावर भरतो आहे.

रामटेकची ती संध्याकाळ आता पुन्हा आठव. अशा मुलांच्या स्नायूंत ताठरपणा मुळातच असतो, आणि शरीरात कुठेही टोचणी सुरू झाली की तो वाढतो. भरलेलं मूत्राशय, साचलेली शी, लघवीतला जंतुसंसर्ग, चावणारा बूट, गार वारा, काहीही पुरतं. पाणी कमी पडलं की लघवी घट्ट होते आणि मूत्राशयाला झोंबते, मग थोडी साचली तरी घाईची लागते. शी कोरडी पडते. दिवसभर बसून असणाऱ्या मुलांना बद्धकोष्ठाचा त्रास तसाही असतो, आणि भरलेलं आतडं मूत्राशयावर दाबतं. म्हणजे कपडे ओले होऊ नयेत म्हणून पाणी तोडायचं, आणि त्यानेच ओले व्हायची शक्यता वाढवायची. वर अंग ताठ, म्हणून उचलायला जड. हे सगळं ‘त्याला फिरणं आवडत नाही’ या खात्यावर जमा झालं. सासूबाईंचं बाजूला ठेव. त्याला घरी बरं वाटतं, कारण घरी तो पाणी पितो.

साधारण तीस किलोच्या मुलाला दिवसाला दीड ते पावणेदोन लिटर द्रव लागतं. त्यात दूध, ताक, वरणाचं पाणी, संत्र्याचा रस सगळं धर. पिताना ठसका लागत असेल तर त्याला सरळ बसवून, हनुवटी किंचित खाली ठेवून, घोट घोट दे. त्याच्या डॉक्टरांना ही पाण्याची गोष्ट आणि रामटेकचा ताठरपणा दोन्ही सांग, आणि निघण्याआधी लघवीची तपासणी करून घे. ताठरपणासाठी बॅक्लोफेनसारखी गोळी चालू असेल तर ती प्रवासात एकही चुकता कामा नये. ती एकाएकी बंद झाली तर झटके येऊ शकतात. म्हणून गोळ्या डिकीतल्या बॅगेत टाकू नकोस, हातातल्या पर्समध्ये ठेव, दोन दिवसांच्या जास्तीच्या घेऊन.

आता या आठवड्यातलं काम. मेडिकल चौकात किंवा धंतोलीत सर्जिकलच्या दुकानात जा आणि मुलांचा, झाकणाचा युरिन पॉट आण. पॉटची मान किंचित वर वळलेली असावी, सपाट मान असेल तर आडवा होताच सांडतो. एक लिटरचा पुरतो. पण तो आणून थेट प्रवासात काढू नकोस. गाडीत, घाईत, पहिल्यांदाच काढलास तर त्याला होणारच नाही, आणि ‘हे जमत नाही’ म्हणून पॉट कपाटात जाईल. आधी आठ-दहा दिवस घरी सवय कर, पहिल्यांदा पलंगावर, मग खुर्चीत, मग उभ्या गाडीच्या मागच्या सीटवर. पाय कात्रीसारखे आवळले जात असतील तर जोर लावून फाकवायचे नाहीत, त्याने ते आणखी आवळतात. गुडघे आणि कंबर आधी वाकवून घे, ताण सैलावतो, मग दोन गुडघ्यांमध्ये टॉवेलची वळकटी सरकव. वरून शाल. आणि थांब. घाई केली की मूत्राशयाचं तोंड उघडत नाही, दोन-तीन मिनिटं कुणीही काही बोलायचं नाही. प्रवासात दर दोन तासांनी आपणहून विचारायचं, त्याने मागायची वाट बघायची नाही.

आणि हे त्याच्या बाबांनी शिकायचं. तुझ्या पत्रात बाबा पचमढी ठरवतात आणि उचलायला मित्र गोळा करतात, पण लघवी-शीच्या वेळी ते कुठं असतात ते तू लिहिलेलं नाहीस. मुलगा अकराचा झाला. त्याला बायकांच्या बाथरूममध्ये नेणं आता तुलाही अवघड आणि त्यालाही नकोसं. पुरुषांच्या बाजूला त्याला घेऊन जाणारा माणूस घरात आहे. घरातली आठ-दहा दिवसांची सवय त्यांच्याच हाताने होऊ दे, तू खोलीबाहेर थांब.

बाबांच्या त्या चौघांनी मिळून उचलण्याच्या बेताला माझा साफ नकार आहे. पचमढीत जटाशंकर म्हटलं की पायऱ्या उतरा, बी फॉल म्हटलं की शेकडो पायऱ्या, पांडव गुंफा म्हटलं की पायऱ्या चढा. प्रत्येक ठिकाणी वडिलांच्या ऑफिसमधल्या माणसांनी हात घालून उचलायचं, आणि उरलेल्या वेळात पोराने त्यांचे आभार मानल्यासारखं हसायचं. अशा सहलीत तो पुन्हा पाणी सोडेल, मी लिहून देते. शिवाय सावनेर-छिंदवाड्याकडून सहा तासांचा रस्ता, शेवटी घाट. चिखलदऱ्याचंही तेच, पाच तास आणि परतवाड्यापुढे वळणं. दोन रात्रींच्या सहलीत दोन दिवस गाडीतच जातील.

पेंचला जा. जबलपूर रोडने दोन तासांच्या आत पोचता, रस्ता चौपदरी, आणि काही बिनसलं तर जेवणाच्या वेळेपर्यंत घरी परत येता येतं. पण ठिकाण पेंच ठरलं म्हणून खोली ठरली असं नाही. खोली बाथरूमवरून ठरवायची, खिडकीतून जंगल दिसतं की तलाव यावरून नाही.

रिसॉर्टवाल्यांना ‘व्हीलचेअर चालते का?’ हा प्रश्न विचारूच नकोस. उत्तर नेहमी ‘हो मॅडम’ असतं, आणि त्याचा अर्थ असतो की रिसेप्शनला एक उतार आहे. खरी अडचण बाथरूमच्या दारात असते. घडीच्या व्हीलचेअरची बाहेरची रुंदी, चाकांच्या रिंगसकट, साधारण २४ ते २६ इंच भरते. कॉटेजच्या बाथरूमची दारं पुष्कळदा तेवढी किंवा त्याहून अरुंद असतात. आणि दार उघडलं तरी त्याची फळी चौकटीतला इंच-दीड इंच खाते. म्हणून आधी आपली खुर्ची टेपने मोज. मग रिसॉर्टच्या माणसाला सांग, बाथरूमचं दार पूर्ण उघडा, चौकटीच्या कडेपासून उघड्या फळीपर्यंत टेप धरा आणि फोटो पाठवा. आकड्यावर विश्वास ठेवू नकोस, टेपचा फोटो हवा. दुसरा फोटो उंबरठ्याचा, तिसरा कमोडच्या बाजूच्या मोकळ्या जागेचा, तिथे खुर्ची लावायला अडीच-तीन फूट लागतात. चौथा गाडी उभी राहते तिथून खोलीच्या दारापर्यंतच्या वाटेचा. वाटेवर गिट्टी असेल तर खुर्चीची पुढची छोटी चाकं रुततात. तिथे खुर्ची मागे कलवून, मोठ्या चाकांवर, उलटी ओढत न्यावी लागते. एखादी पायरी असली तर हरकत नाही, तीही उलट्या बाजूने चढवायची, एकाने मागचे हँडल धरायचे आणि दुसऱ्याने पुढची फ्रेम. पायटेकण किंवा हाताचे दांडे कुणालाही धरू देऊ नकोस, ते निखळतात. तीन पायऱ्या असतील आणि ‘फळी टाकून देतो’ म्हणाले तर नकार दे. तीन पायऱ्या म्हणजे दीड फूट उंची. एकास बारा या प्रमाणात त्याला अठरा फूट लांब उतार लागतो. सहा फुटांची फळी म्हणजे घसरगुंडी.

दार अरुंद निघालं आणि बाकी खोली चांगली असली तर चाकांची कमोड चेअर भाड्याने घे, तीही आधी मोजून. आंघोळीसाठी लोक सर्रास प्लास्टिकची खुर्ची वापरतात. ओल्या टाइलवर तिचे पाय फाकतात आणि मूल बाजूला कलंडतं. खाली रबरी मॅट घाल, हाताची खुर्ची घे, आणि आंघोळ होईपर्यंत एकाने मागून खांद्यांना आधार द्यायचा. घरातला एक पाट बरोबर ने. हॉटेलच्या कमोडवर त्याचे पाय लोंबकळतात, मग जोर लावता येत नाही आणि अंग ताठतं. पाटावर तळवे टेकले की फरक पडतो. पाट ठेंगणा पडला तर त्याखाली दुमडलेली सतरंजी घाल. सकाळच्या नाश्त्यानंतर गरम काहीतरी प्यायला देऊन अर्धा तास निवांत बसवायचं, शी व्हायची तीच वेळ असते. म्हणून घरून निघायचं तेही दहाच्या पुढे. पहाटे पाचला निघायचा बेत या घरासाठी नाही.

वाघाचं बोलू. कोअरमधली, म्हणजे जंगलाच्या आतल्या गाभ्यातली सफारी साडेतीन-चार तासांची असते, मध्ये जिप्सीतून खाली उतरता येत नाही, बसायला उंच, रस्ता खडबडीत, आणि थंडीतल्या पहाटेची सफारी तर अंग आखडवणारी. उघड्या गाडीत, गाइड-ड्रायव्हरसमोर युरिन पॉट निघणार नाही. म्हणजे पुन्हा पाणी बंद. या खेपेला सफारी त्याच्यासाठी नको. मुलीला एका पहाटे बाबांनी न्यावं आणि दुसऱ्या दिवशी दुपारी तू. जो मागे राहील तो त्याच्याबरोबर गाडीने जंगलालगतच्या गावरस्त्यावर फिरून येईल. वानरं आणि चितळं बऱ्याचदा तिथेही दिसतात, आणि गाडीत पॉट आहे.

रात्र मात्र सगळ्यांची एकत्र. महाराष्ट्राच्या पेंच व्याघ्र प्रकल्पाला जानेवारी २०२४ मध्ये भारतातलं पहिलं डार्क स्काय पार्क म्हणून मान्यता मिळाली, म्हणजे तिथलं आकाश शहरी उजेडापासून वाचवलेलं आहे. त्यामुळे राहायला सिल्लारीची, म्हणजे पेंचच्या महाराष्ट्राकडच्या गेटची बाजू बघ. तारीख अमावास्येच्या तीन-चार दिवस मागेपुढे धर. रात्री नऊच्या सुमाराला खोलीबाहेरचे दिवे बंद करायला सांग आणि पंधरा-वीस मिनिटं मोबाइल कुणीही उघडायचा नाही, डोळे अंधाराला सरावायला तेवढा वेळ लागतो. कृत्तिकांचा पुंजका डोक्याच्या आसपास असेल, मृग नक्षत्र आग्नेयेला वर आलेलं, त्याच्या खाली व्याधाचा ठळक तारा. खुर्चीत बसवून त्याला मान मागे टाकायला लावू नकोस, नुसती मान मागे गेली की त्याचं सगळं अंग धनुष्यासारखं ताणलं जाईल. जमिनीवर ताडपत्री, तिच्यावर गादी, डोक्याखाली उशी, गुडघ्यांखाली जाड वळकटी, कानटोपी आणि दोन ब्लँकेटं. शेजारी बहीण. आणि कोमट पाण्याची बाटली, झोपण्याआधी पॉट आहेच.

हे सगळं मी तुला सांगते आहे, पण त्याला कुणीतरी सांगितलं पाहिजे. तो स्पष्ट बोलतो, म्हणजे त्याला सगळं कळतं. आजच त्याच्याजवळ बस आणि नीट शब्दांत सांग, की तू बाहेर जाताना पाणी पीत नाहीस ते माझ्या लक्षात आलं होतं आणि मी काही केलं नाही. आता सोय केली आहे, बाबा मदत करतील, तू पोटभर पाणी प्यायचंस. तो लगेच विश्वास ठेवणार नाही. पहिल्या एक-दोन वेळा ग्लास पुढे केलास तरी मान हलवेल. जबरदस्ती करू नकोस. तू आणि बाबा त्याच्यासमोर प्या, आणि ग्लास त्याच्या हाताशी ठेवून द्या. घरापासून वर्धा रोडवर तासभर चक्कर मारून या, पॉट एकदा खरोखर वापरला गेला आणि कुणाचाही चेहरा बदलला नाही, हे त्याने बघितलं पाहिजे. ती चक्कर नीट झाल्याशिवाय पेंचचं बुकिंग पक्कं करू नकोस.

पचमढीच्या मंडळींना मात्र आजच फोन करून नाही कळव, त्यांच्या खोल्या तुमच्यासाठी अडकून नकोत.