पेवाचं झाकण लगेच उघडू नये

प्रश्न : मॅडम, मी सांगलीत मास मीडियाच्या दुसऱ्या वर्षाला आहे. यंदा प्रकल्प म्हणून इंटरॲक्टिव्ह मल्टिमीडिया अंक काढायचाय. माझा विषय हरिपूरची पेवं, म्हणजे हळद साठवायची जमिनीखालची कोठारं. इनडिझाइन या पानं लावायच्या सॉफ्टवेअरमध्ये बारा पानं लावली, बटणं टाकली, व्हिडिओ टाकला, पीडीएफ काढली. कॉलेजच्या संगणकावर सगळं चाललं. घरी बाबांच्या मोबाइलवर उघडलं तर व्हिडिओच्या जागी नुसता चौकोन आणि बटणं मुकी. पुढे नोकरीसाठी नेमकं कुठलं सॉफ्टवेअर शिकू?
— एक विद्यार्थिनी, सांगली

उत्तर : अगं, तुझ्या बटणांचा काही दोष नाही. पीडीएफ म्हणजे छापील पानाचा सख्खा भाऊ. त्यात व्हिडिओ घालता येतो, पण तो चालवायचा की नाही हे उघडणारं ॲप ठरवतं, आणि मोबाइलवरची बहुतेक ॲप्स त्या फंदात पडत नाहीत. ईपबमध्ये, म्हणजे ई-पुस्तकाच्या फाइलमध्ये, आवाज, व्हिडिओ चालतो, पण जावास्क्रिप्ट (बटणांना हलवणारी, बोलवणारी भाषा) चालवण्याची सक्ती वाचनाच्या ॲपवर नाही. म्हणून तुझा अंक साधं वेबपान म्हणून कर. मजकुराच्या मांडणीला एचटीएमएल, रूपाला सीएसएस आणि चिमूटभर जावास्क्रिप्ट. बाबांच्या मोबाइलमध्ये ब्राउझर आहेच.

आता सॉफ्टवेअरचं. एकाच सॉफ्टवेअरवर भिस्त ठेवू नकोस, ती येतात आणि जातात. 2003 साली मी सावंतवाडीच्या लाकडी खेळण्यांवर एक सीडी केली होती, मॅक्रोमीडिया कंपनीच्या डायरेक्टर या सॉफ्टवेअरमध्ये. खेळण्यावर क्लिक केलं की ते फिरायचं आणि कारागीर बोलायला लागायचे. ते डायरेक्टर शिकण्यात माझी दोन वर्षं गेली. 2005 मध्ये मॅक्रोमीडिया ही कंपनीच ॲडोबीने घेतली, 2017 मध्ये डायरेक्टरची विक्री थांबली, 31 डिसेंबर 2020 ला त्याच कंपनीच्या फ्लॅश या ॲनिमेशनच्या सॉफ्टवेअरचाही आधार संपला. माझी सीडी आता चहाच्या कपाखाली असते. बरं, मजकूर तरी हाताशी असावा, तर तो जुन्या फॉन्टात टाइप केलेला. फॉन्ट गेला आणि ‘कारागीर’च्या जागी इंग्रजी अक्षरांचा चिवडा राहिला. वाचला फक्त कारागिरांचा आवाज, कारण मूळ ध्वनिफाइली मी वेगळ्या फोल्डरमध्ये ठेवल्या होत्या. तेव्हा तुझा मजकूर टायपिस्टकडून आला असेल तर तो युनिकोडमध्ये, म्हणजे फॉन्ट बदलला तरी अक्षरं तीच राहतात अशा पद्धतीत, आहे ना, ते आजच बघ. आणि मूळ फोटो, आवाज, मजकूर अंकाच्या बाहेर, साध्या फोल्डरमध्ये ठेव.

पण माझं खरं भांडण तुझ्या बटणांशीच आहे. ‘पुढे’, ‘मागे’, ‘व्हिडिओ पहा’. ही कामं कागदावर बोटाला थुंकी लावून होतात! तुझ्या विषयात केवढं मोठं बटण आयतं पडलंय. पेवाचं तोंड अरुंद, पोट मोठं, आणि उघडल्या उघडल्या कुणी आत उतरत नाही, कारण आत प्राणवायू कमी असतो. हवा खेळेपर्यंत थांबावं लागतं. मग वाचकालाही थांबव की. त्याने झाकणावर बोट ठेवलं की झाकण सरकू दे, पण आत काळोखच राहू दे. वीस सेकंद काही होणार नाही, फक्त पेवात उतरणाऱ्या एखाद्या आजोबांचा आवाज : का थांबायचं, घाई केली तर काय होतं. मग हळूहळू उजेड. पुढे वाचकाचं बोट पान वर सरकवेल तसा तो मातीच्या भिंतीलगत खाली उतरत जाईल आणि तळाशी हळद दिसेल. फिरणारी अक्षरं, उडणारे फोटो यांची मग गरजच नाही. (वीस सेकंद जास्त वाटले तर बारा कर. पण शून्य करू नकोस, सर म्हणाले तरी.)

हे आधी संगणकावर करू नकोस. पाठकोऱ्या कागदांवर अंकाचा एकेक स्क्रीन रेखाट, आईसमोर ठेव आणि गप्प बस. ती कुठे बोट ठेवते ते बघ. माझ्या वर्गात एका मुलाच्या आजीने सगळी बटणं सोडून फोटोतल्या म्हशीवरच बोट ठेवलं. आम्ही ती म्हैसच बटण केली.

आवाजाचं एक लक्षात ठेव. सीडीच्या दर्जाची डब्ल्यूएव्ही (न दाबलेल्या आवाजाची) फाइल मिनिटाला सुमारे 10 एमबी खाते. बोलणंच आहे तर आवाज दाबून लहान केलेली एमपी 3 फाइल कर, मोनो (एकाच वाहिनीची), 64 केबीपीएस (सेकंदाला 64 किलोबिट). मिनिटाला अर्धा एमबीसुद्धा होत नाही. बाबांचा डेटा वाचेल. आजोबा बोलतात ते शब्द खाली लिहूनही दे, एसटीत बसलेल्या माणसाच्या कानात हेडफोन असतोच असं नाही. आणि रेकॉर्डिंग करताना घरातला पंखा बंद कर. पेवात पंखा नसतो.