चित्रातले बाबा कुठून येतात?

प्रश्न : हॉलसाठी रवी वर्मांचं दिवा घेतलेल्या बाईचं चित्र ४ बाय ३ फुटांच्या कॅनव्हासवर छापून घ्यायचंय. चालेल?

आधी नाव दुरुस्त करू. ते सावळाराम हळदणकरांचं चित्र. म्हैसूरच्या जगनमोहन पॅलेसमध्ये असतं, आणि दिवा धरून उभी आहे ती त्यांची मुलगी गीता. (हा घोळ दर दिवाळीला होतो.) चित्र जलरंगातलं आहे, म्हणून कॅनव्हास नको, जलरंगाला तैलरंगाचं सोंग शोभत नाही. जाड, बिनचकाकीचा सुती कागद घ्या. इंचाला किमान १५० पिक्सेल धरले तरी ४ फुटांना ७,२०० लागतात, व्हॉट्सॲपवर आलेल्या फोटोत ते कुठले! आधी वीतभर तुकडा छापून मागा आणि फक्त बोटं बघा. ज्योतीआड धरलेल्या बोटांतून तांबूस उजेड झिरपायला हवा. बोटं नुसती पिवळी आणि मागची सावली काळीकुट्ट आली, तर कॉन्ट्रास्ट चढवलाय. परत पाठवा. शिवाय हळदणकर १९६८ साली गेले, म्हणजे कॉपीराइट २०२८ अखेरपर्यंत आहे. प्रिंट रीतसर विकणाऱ्याकडूनच घ्या.

प्रश्न : आजोळच्या माळ्यावर यशोदा-कृष्णाचं जुनं चित्र सापडलं. काचेला चिकटलंय, तपकिरी डाग आहेत. फ्रेमवाला म्हणतो, सोडवून नवी काच बसवतो.

बसवू देऊ नका! ओढलं की रंग काचेवरच राहतो. मी एकदा घाईत एका लक्ष्मीचा अर्धा हात असा घालवलाय.

भिंग घेऊन यशोदेचा गाल बघा. टिंबं हाताने दिल्यासारखी वेडीवाकडी असतील, तर चित्र जुन्या पद्धतीने दगडावरून छापलेलं (शिळाछाप) असावं. जाळीसारखी ओळीत असतील तर नंतरच्या ऑफसेट छपाईचं. अशी देवादिकांची चित्रं दगडावरून छापणारा रवी वर्मांचा छापखाना १८९४ मध्ये मुंबईत निघाला, पुढे लोणावळ्याजवळ मळवलीला गेला. खालच्या कडेला प्रेसचं नाव आहे का, तेही पाहा. जुनं निघालं तर ते कागदाच्या संवर्धकाकडेच, म्हणजे जुने कागद जपणाऱ्या तज्ज्ञाकडेच न्या. तोवर काचेसकट नीट फोटो काढून त्याची प्रत लावा. तिला माउंट, म्हणजे कडेने जाड पुठ्ठ्याची चौकट घाला, म्हणजे कागद काचेला टेकणार नाही, आणि फ्रेममागे चारही कोपऱ्यांना रबरी बटणं लावा. पावसाळ्यात भिंतीची ओल मग थेट चित्रात शिरत नाही.

प्रश्न : रवी वर्मांचं ‘देअर कम्स पापा’ आणलंय. सासूबाई म्हणतात, परक्यांचं कुटुंब आपल्या भिंतीवर कशाला?

रवी वर्मांच्या घरचंच आहे हो ते! १८९३ च्या या चित्रात त्यांची मुलगी महाप्रभा आणि तिचं बाळ आहे, शेजारी कुत्रा. पापा मात्र कुठेच नाहीत. मायलेकरू चौकटीबाहेर बघतायत. म्हणून भिंत अशी निवडा की त्यांची नजर तुमच्या दाराकडे जाईल. मध्य जमिनीपासून साधारण ५७ ते ६० इंचांवर ठेवा, समोर भारतीय बैठक असेल तर आणखी फूटभर खाली. संध्याकाळी दार उघडून जो आत येईल, त्याच्याकडे बाळ बघत असेल. सासूबाईंना आठवडाभराने विचारा.